तीन कुलपं

कुणी काही म्हणो, हे मी स्वतः पाहिलंय. आज, भरदुपारी, चार माणसांच्या देखत. झोपेत-बिपेत नव्हते.

आमचं सामाईक घर कित्येक वर्षं बंद होतं. वाटणीवरून माझे बाबा आणि दोन काका असे भांडले, की कुणी एकट्याने आत जाऊ नये म्हणून दारावर तिघांनी आपापलं कुलूप ठोकलं. तेही एका वेळी नाही. एकमेकांचं तोंड कोण बघणार? जो तो आपल्या सवडीने आला आणि कुलूप लावून गेला.

आता तिघंही नाहीत. उरलो आम्ही. थोरल्या काकांचा दादा, धाकट्या काकांचा टक्कल पडलेला छोटू, आणि मी. मी भाड्याच्या खोलीत एकटी राहते. मालकाने खोली सोडायला सांगितलंय. या घरातला वाटा मिळाला तर डोक्यावर छप्पर, नाहीतर रस्ता.

म्हणून नवा कायदा आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बंद पडलेलं सामाईक घर विकायला आता सगळ्या वाटेकऱ्यांच्या सह्या लागत नाहीत. निम्म्याहून जास्त पुरे. घर रिकामं असल्याची सरकारी साहेबांनी येऊन खात्री केली की झालं.

आज दारात उभं असताना साहेबांनी सहज विचारलं, "वाटे चार आहेत ना? तुमची आत्या कुठे असते?"

दादा छोटूला म्हणाला, "तुमच्याकडे होती ना?"

"आमच्याकडे? काहीतरीच काय! आम्हाला वाटलं तुझ्याकडे."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी नुसती नकारार्थी मान हलवली...

आत्याचं लग्न झालं नव्हतं. ती याच घरात मागच्या खोलीत राहायची. तिला ऐकायला कमी यायचं. घर बंद करताना तिला कुणीतरी घेऊन जाणार होतं.

कुणीतरी.

खिडक्यांना गज. मागचं दार भावांनीच विटा लावून बुजवलेलं. आजूबाजूला सगळी गोदामं.

आम्ही आपापल्या किल्ल्या काढल्या. एक कुलूप निघालं. दुसरं... तिसरं...

दार हललं नाही.

साहेबांनी खांदा लावून पाहिला. "आतून कडी आहे," ते म्हणाले.

मला काय झालं कोण जाणे. दाराला तोंड लावून मी हळूच म्हटलं, "आत्या... मी आलेय गं."

आत पावलं वाजली. सावकाश... मागच्या खोलीपासून दारापर्यंत.

कडी सरकली.

आत कुणी नव्हतं.

देवाशप्पथ, कुणीच नव्हतं. सगळीकडे बोटभर धूळ. फक्त दाराच्या आत एक माणूस बसेल एवढी जागा लख्ख होती. आणि तिथे आत्याच्या चपला... बाहेर तोंड करून. निघायच्या तयारीत.

मला रडू आवरेना.

"मग, घर रिकामं?" साहेबांनी कागद पुढे करत विचारलं.

दादा हो म्हणाला. छोटू हो म्हणाला. मलाही छप्पर हवं होतं. मीही हो म्हणाले.

निघताना वळून पाहिलं. चपला तिथे नव्हत्या.

वाटेत मी दादाला विचारलं, "तिला नेणार होतं तरी कोण?"

तो खाली बघत म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण आठवतंय मला, तेव्हा तिला सांभाळायची पाळी तुमची होती."

संध्याकाळी खोलीवर आले. कुलूप काढलं. दार ढकललं...

आतून कडी होती.

मी अजून पायरीवरच बसलेय, हे लिहीत. हाक मारायचा धीर होत नाही.

आणि खरं सांगू? माझ्या घरी कधी कुणी माझी वाट बघत बसलेलं नाही. आज बसलंय.