आपोआप चालणारा बाण

"हात लावू नको म्हनलं ना!" भैरवीताई ओरडली.

"मी कुठं लावला? हे पाह्य!" समीक्षाने दोन्ही हात वर केले.

तरीही कंप्युटरच्या पडद्यावरचा बाण सरकतच होता. अगदी सावकाश, अंधारात कुणी भिंत चाचपत जावं तसा!

ढाणकीतल्या शेतकरी कंपनीच्या ऑफिसात भर दुपारी दुसरं चिटपाखरू नव्हतं. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं, पण समीक्षाच्या अंगावर काटा आला. बाणाने शेतकऱ्यांची यादी उघडली आणि कॅमेऱ्याचा हिरवा दिवा आपला आपण लागला. आत बसून कुणीतरी त्या तिघांना निरखत होतं.

"मारोतराव!" पिंटू पुटपुटला. समीक्षाचा हा मामेभाऊ एरवी विहिरीत कोलांट्या मारणारा, आता तिच्यामागे दडला होता. "मरेपर्यंत ते याच खुर्चीवर बसून कंप्युटर चालवत. सारे म्हनतात, अजूनही येतात!"

"भुताले कॅमेरा कायले लागते?" समीक्षा म्हणाली खरी, पण तीही एक पाऊल मागे सरकली.

भैरवीताई म्हणजे पिंटूची मोठी बहीण. नोकरीला लागून जेमतेम पंधरा दिवस झालेले आणि शेतकऱ्यांचे आधार नंबर तिच्याच कंप्युटरवरून बाहेर गेले! गावात खोटे फोन येऊ लागले. मॅनेजर नीळकंठरावांनी तिला बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत खरं सांग, नाहीतर तुझ्याविरुद्ध पोलिसात तक्रार! ताईचं सुकलेलं तोंड समीक्षाला बघवत नव्हतं.

"पिंटू, नेटची वायर काढ!"

"मी? मी नाही बा!"

"भित्रट कुठला!" समीक्षा स्वतःच टेबलाखाली शिरली. जळमटांत चाचपडून तिने वायर उपसली.

बाण जागच्या जागी थबकला. वायर पुन्हा लावली. थोड्या वेळाने तो चालू लागला!

"पाह्यलं? हे भूत नेटवर चालते!" समीक्षा म्हणाली. "लांब बसून कोनीतरी चालवून राह्यला. पन बाकीचे दोन कंप्युटर तर गप आहेत. तुझ्यातच काय वेगळं हाय, ताई?"

"नव्या मानसाले नीळकंठकाका मारोतरावांचा पेनड्राइव्ह देतात, हळदकुंकू लावून. सारे प्रोग्राम त्यातूनच टाकायचे. अन् नोकरीत कायम होईपर्यंत कंपनीचा इंजिनिअर आमच्या कंप्युटरले हातच लावत नाही."

समीक्षाने प्रोग्रामांची यादी उघडली. लांबून कंप्युटर चालवायचा एक प्रोग्राम होता, सन दोन हजार दहाचा.

"हा तर माझ्याहून वयानं मोठा! जुन्या प्रोग्रामची भोकं चोरांना पाठ असतात, ताई. बाकीच्यांची इंजिनिअरने बुजवली, तुझी उघडीच राह्यली!"

तेवढ्यात नीळकंठराव स्टाफसह आत आले. समीक्षाने पुन्हा वायर काढून लावून दाखवली आणि पेनड्राइव्हमधून आलेला तो जुना प्रोग्रामही दाखवला. कुणाचा हात न लागता चालणारा तो बाण बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः वायर उपसून टाकली.

"मारोतराव माह्या जिवाचा दोस्त," ते हळूच म्हणाले. "त्याच्या हातचं शुभ म्हनून देत गेलो. त्यात काय हाय, कधी पाह्यलंच नाही."

मग सगळ्या स्टाफसमोर ते भैरवीताईकडे वळले. "मी तुले चोर समजलो, पोरी. माफ कर. अन् समीक्षा, आमच्या डोक्यात जे आलं नाही, ते तू करून दाखवलं. शाबास!"

ताईला रडू आवरेना. पिंटूची छाती मात्र उगाचच फुगली!

नीळकंठराव त्याच पावली पोलीस ठाण्यात गेले. चोर कोण ते तक्रारीत लिहिता येईना. पण हलगर्जीपणा कुणाचा, तिथे त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली सही केली.