मागचं डावं दार

प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये मी तेहतीस वर्षं चाकं वाजवली. हातोडीचा हलका टोला द्यायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर चाक धडधाकट, बद्द वाजलं तर आत कुठे तरी तडा. अविनाशचा कान चुकत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही ते कधी नाकारलं नाही.

मी निवृत्त झालो आणि बायकोचे, नीराचे, गुडघे गेले. तिला स्कूटरवर बसवेना, म्हणून जुनी गाडी घ्यायचं ठरलं. बजेट दीड लाख, त्यावर काही नाही. तीन रविवार बडोदं पालथं घातलं. एक गाडी पुरात बुडालेली निघाली, दुसरीचं मीटर मागे फिरवलेलं. मग कुणी तरी तरसालीच्या पद्माताईंचं नाव सांगितलं. त्यांचे यजमान हेमचंद्र हिवाळ्यात वारले होते आणि गाडी दारात उभी होती.

छोटी पांढरी गाडी, नऊ वर्षांची. सर्व्हिसची बिलं फाईलला तारीखवार लावलेली. मी पानन् पान चाळलं. पद्माताई दोन्ही हातांनी ट्रे धरून चहा घेऊन आल्या. अंगात लांब बाह्यांचा बदामी ड्रेस होता. किंमत एक नव्वद म्हणाल्या.

मी खिशातून हातोडी काढून चारही दारं वाजवली. चारही स्वच्छ वाजली. अशी गाडी पुन्हा मिळणार नव्हती.

मागचं डावं दार मी परत वाजवलं आणि तोंड वाकडं केलं.

"ऐका, बद्द वाजतंय. आत पुट्टी भरली आहे. ताई, ही ठोकलेली गाडी आहे."

"मला काही फरक कळत नाही, भाऊ. पण तिथे तर मीच बसायचे. पुढे बसायची मला भीती वाटते."

इथे मी थांबायला हवं होतं.

"मग तुम्ही गाडीत नसताना झालं असेल," मी म्हणालो. "पण तिथे जे कोणी बसलं असेल, त्याला चांगलंच लागलं असणार."

त्यांनी ट्रे बॉनेटवर ठेवला आणि त्या दारावरून हात फिरवला. ट्रेमधला चहा निवला. "न सांगता ते कधी कुठे जात नव्हते हो," एवढंच म्हणाल्या, आणि दीड लाखाला गाडी देऊन टाकली. घरी नीराने माझं कौतुक केलं. मला तिच्याकडे बघवेना.

महिनाभराने गाडी धुताना सवयीने त्या दारावर टिचकी मारली. बद्द वाजलं. म्हटलं, वय झालं, कान गेले.

पुढच्या आठवड्यात त्याच दाराचा रंग तडकला. खाली राखाडी पुट्टी होती.

मकरपुऱ्याला समरजितच्या गॅरेजमध्ये गाडी वर चढवली. तो टॉर्च मारून म्हणाला, "आ तो ठोकायेली गाडी छे, काका. जूनुं काम छे, छ-सात वरसनुं. तमे वगाडीने नहोती जोई?"

वेल्डिंगवर गंज चढला होता. वाजवून तर पाहिली होती.

घरी येऊन फाईल उघडली. मधे एक पिवळं पडलेलं बिल होतं. मागचं डावं दार, दुरुस्ती. खाली हेमचंद्रांची सही.

पानन् पान चाळलं होतं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तरसालीला गेलो. कसं बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं. पद्माताईंनी दार उघडलं. तोच बदामी ड्रेस. मी उंबऱ्यातच हात जोडले.

"ताई, मी खोटं बोललो. दार चांगलं होतं. अपघात झालाच नव्हता. त्यांनी तुमच्यापासून काही लपवलं नाही."

त्या हसल्या. चेहरा अगदी शांत होता.

"कशाला माझं मन राखता, भाऊ? झाला होता. मला आठवलं सगळं. गाडीत मीच होते." मग म्हणाल्या, "दुसरं कोण असणार?"

माझी मान खाली गेली.

"बसा. चहा टाकते."

त्यांनी एक कप आणून ठेवला. परत आत जाऊन दुसरा आणला. मग बिस्किटांची बशी.

तिन्ही वेळा उजव्या हाताने. डावी बाही कोपरापाशी दुमडून शिवली होती. शिवणीचा दोरा धुऊन धुऊन विटला होता.