जानरावांच्या पोटात दिसलेलं

अमरावतीच्या ज्या मेडिकल कॉलेजात मी शिकवतो, तिथे विद्यार्थ्यांची सोनोग्राफीची प्रात्यक्षिक परीक्षा दर उन्हाळ्यात माझ्याकडे असते. त्या दुपारीही तेवढ्यासाठीच गेलो होतो. तपासणीसाठी टेबलावर झोपायला आमच्या बागेचं काम पाहणारे जानराव खुशीने तयार झाले होते.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत जाड काळे पडदे. अंधारात मशीनचा राखाडी उजेड तेवढा हलत होता. जेलचा ओलसर वास, एसीची घरघर.

सगळ्यात शेवटी आचल आली. शेंदूरजनाघाटची, अबोल मुलगी. तिने प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, पोटावर टेकवला आणि सावकाश फिरवत राहिली. काय दिसतंय, मी विचारलं.

"सर... डावी किडनी दिसून नाही राहिली. अन् मोठी रक्तवाहिनी फुगली आहे... लय फुगली आहे."

मी वाकून पाहिलं. खरंच, डावी जागा रिकामी होती, आणि मधोमध एक काळा फुगा धडधडत होता. मी तिच्या हातून प्रोब घेतला, तसं चित्र बदललं. दोन्ही किडन्या जागच्या जागी, रक्तवाहिनी सरळ. पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. जानराव निवांत घोरत होते.

माझा हात मात्र नकळत स्वतःच्या डाव्या कुशीकडे गेला. डावी किडनी मला नाही. माझ्या बहिणीला, शकुनला, मी ती कधीच देऊन टाकली आहे. कॉलेजात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

परीक्षा आटोपताच सहकाऱ्याकडून स्वतःचं पोट तपासून घेतलं. फुगा होता, फुटायच्या बेतात. संध्याकाळीच मला नागपूरला हलवलं, ऑपरेशन झालं, वाचलो.

बरा झाल्यावर शकुनला घेऊन आचलला भेटायला गेलो.  शकुनने आचलच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि रडत राहिली. मी हात जोडले. तू होतीस म्हणून मी आहे, म्हणालो.

आचल अवघडली.

"आभार कायचे, सर... टेबलावर तुमीच तर झोपले होते. मी तुमच्याकडे पाहूनच सांगत होती."

टेबलावर जानराव होते, मी म्हणालो. मी तर तुझ्या शेजारी उभा होतो.

तिने हळूच नकारार्थी मान हलवली.

"शेजारी होतं कोनीतरी... अंधारात चेहरा नाही दिसला मले. पण त्यानं प्रोब घेतला ना, सर... तवा त्याचा हात लय थंडा लागला."