न उघडलेली पन्ह्याची बाटली

"वहिनी, नयनाला उद्याच्या गाडीनं पुण्याला धाडा!" दिनकरकाकांनी फर्मान सोडलं. "न धुतलेल्या कैऱ्यांचं पन्हं केलं पोरीनं. अर्धी कॉलनी ओकतेय!"

दाराआड चित्राला गुदगुल्याच झाल्या. जाऊ दे एकदाची! ही मावसबहीण सुट्टीला लखनौला आल्यापासून घरात दुसरा विषयच नव्हता. नयनाची रांगोळी, नयनाचं अक्षर, आणि काल आईच्या हळदीकुंकवाला नयनाचंच पन्हं! चित्रा नुसती जळत होती. म्हणून तर तिनं एक घोटही घेतला नव्हता.

"ताई, ये देखो!" मोरीतून धाकट्या उल्हासनं हाक मारली.

काकांनी अमीनाबादच्या बाजारातून आणलेली जस्ताच्या मुलाम्याची नवी बादली! बर्फ घालून गार करायला त्यांनीच पन्हं आदल्या रात्रभर तिच्यात ओतून ठेवलं होतं. आता तळाशी थोडंच उरलं होतं, पण आधी ते जिथवर होतं, तिथवर बादलीची चमक उडाली होती. आंबट पन्ह्यानं जस्त खाल्लं असणार, आणि तेच सगळ्यांना बाधलं असणार! चित्राला ते लख्ख कळलं, पण ती गप्प बसली. बोललं की नयना राहणार!

उल्हास मात्र धावत बाबांकडे गेला. बाबा संशोधन संस्थेत रसायनतज्ज्ञ होते.

"आमच्याकडे ऑक्झिन नावाची पावडर आहे," बाबा म्हणाले. "जस्ताशी जोडी जमली, की ती जांभळ्या दिव्याखाली हिरवट-पिवळी चमकते. पण नुसती कैरीच चमकत असली तर? ताडून पाहायला बादलीत न गेलेलं पन्हं हवं."

"सगळं मीच बादलीत ओतलं की!" काका म्हणाले.

फ्रॉकच्या घड्या बॅगेत भरणारी नयना हळूच म्हणाली, "एक बाटली होती. चित्राला वेलदोडा आवडत नाही ना, म्हणून तिच्यासाठी आधीच काढून ठेवली होती. पण ती प्यायली असेल."

सगळे चित्राकडे बघू लागले. नुसतं 'हो' म्हटलं की काम फत्ते! पण नयनाचे डोळे रडून सुजले होते, आणि वेलदोड्याचं तर आईच्याही लक्षात नसायचं.

चित्रा पाय आपटत गेली आणि फ्रिजमधून बाटली घेऊन आली. "घ्या! उघडलीसुद्धा नाही!"

"का गं?" आईनं विचारलं.

"जळत होते म्हणून!"

बाबांनी दोन्ही पन्ह्यांचे नमुने घेतले आणि सगळ्यांना प्रयोगशाळेत नेलं. अंधाऱ्या खोलीत दोन नळ्या, दोन्हींत ऑक्झिन. जांभळा दिवा लागला. बाटलीतलं पन्हं मंदच राहिलं, आणि बादलीतलं हिरवट-पिवळं झगमगलं!

"अरे वा! जुगनू!" उल्हास ओरडला.

काकांचा चेहरा पडला. "नयना बेटा, चूक माझी होती," ते म्हणाले. "आंबट पदार्थ या बादलीत पुन्हा नाही!"

"शाबास, पोरांनो!" बाबा म्हणाले. "उल्हासची नजर आणि चित्राचा खरेपणा!"

"आणि नयनाची माया तर बघा!" आईनं भर घातली.

पुन्हा नयनाच! चित्रा परत जळफळली. घरी येताच तिनं फ्रिजमध्ये उरलेलं पन्हं पेल्यात ओतलं आणि एक घोट घेतला. मग दुसरा.

"कसं झालंय?" नयनानं भीत भीत विचारलं.

"झक्क!" चित्रा रागानं म्हणाली. "उद्या मला शिकव. आणि ती बॅग आधी रिकामी कर!"