डाव्या डोळ्याची आखणी

शाळा माझी चौथीपर्यंत, पण थापा मारायला शिकले नाही. हे घडलेलं आहे.

फेब्रुवारीतला गुरुवार. मिनेसोटा. रात्र नव्हे, भरदुपार.

ज्ञानदा, माझी भाची, तिथल्या एका कॉलेजच्या म्युझियमच्या तळघरात एकटी होती. समोर प्लास्टरची बाई. जुन्या ग्रीक लोकांनी एका पोरीच्या थडग्यावर उभी केलेली, तिची नक्कल. पोर लग्नाआधीच मेली होती म्हणे. हे पुतळे तेव्हा रंगीत असत, पांढरे नंतर पडले. तसंच हिला रंगवायचं काम ज्ञानदाला मिळालं होतं.

मिळणारच. पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात तिला आखणी मी शिकवली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही ते.

आमच्या घरचा एक नेम. एक डोळा आखून उघडला की दुसरा होईपर्यंत मधेच उठायचं नाही. उठलातच तर मूर्तीच्या तोंडावर फडकं टाकायचं.

ज्ञानदानं उजवा डोळा आखला आणि कॉफी आणायला गेली.

फडकं नाही टाकलं. अमेरिकेत फडकी मिळत नसतील.

परत आली तेव्हा हीटरची घरघर थांबली होती. कसलाच आवाज नाही...

आणि बाईचा डावा डोळाही उघडा होता.

रंग अजून ओला...

ज्ञानदाच्या हातून कप सुटला. पडताना तिला तो अर्धाच दिसला. तिनं स्वतःच्या उजव्या डोळ्यावर हात धरून पाहिलं.

काळोख.

मी मिनेसोटातच, ईडन प्रेरीला, माझ्या मुलाकडे होते. तिथं तिचा फोन आला.

"मावशी, मला डाव्या डोळ्यानं दिसत नाहीये."

"फडकं टाकलं होतंस?"

"कॉफी आणायलाच तर गेले होते..."

"आपण न आखलेला डोळा मूर्तीवर ठेवायचा नसतो. पूस तो."

"ती बघतेय माझ्याकडे. भीती वाटते यार."

"यार कोणाला म्हणतेस? पूस."

तिनं ओला बोळा लावला. पहिल्याच हाताला तिचा स्वतःचा डोळा झोंबला. दुसऱ्याला ती कळवळली.

"रडू नकोस. घास."

तिनं घासलं. प्लास्टर पांढरं होईपर्यंत.

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. तिच्या डाव्या डोळ्यात बुबुळच नव्हतं.

नुसतं पांढरं...

पुतळ्यावरचा तो डोळा तिचाच होता. तिनं आपल्या हातानं पुसला.

बहीण माझ्याशी बोलत नाही. न बोलो. नेम मोडला तिच्या लेकीनं.

परवा ज्ञानदाचा फोन आला.

"मावशी... डावा डोळा परत आला."

"बघ. म्हटलं नव्हतं?"

"माझा नाही. तिचा."

तिनं पुतळ्याचा फोटो पाठवला. पापणीची रेघ कोपऱ्यात वर उचललेली, टोकाला केसासारखी बारीक. अशी रेघ ज्ञानदाला कधी जमली नाही. कारखान्यात कुणालाच जमली नाही.

ती माझ्या हातची रेघ आहे. या वेळी मी पूस म्हणाले नाही.

तेव्हापासून मला डावीकडचं धुरकट दिसतं. मुलगा म्हणतो, "आई, मोतीबिंदू असेल. अपॉइंटमेंट घेतो."

असेल.

घरातल्या आरशांवर मात्र मी फडकी टाकलीत.