शेजारच्या सीटचा पट्टा

धुकं इतकं दाट होतं की हँगरच्या दारातून धावपट्टीही दिसेना. उड्डाणं बंद. मी मात्र आमच्या फ्लाइंग स्कूलच्या दोन सीटच्या इवल्याशा विमानात रुसून बसले होते. सरांनी सगळ्यांदेखत मला ‘बेडकी’ म्हटलं होतं. का, तर उतरताना माझं विमान नीट टेकायचंच नाही, टुणटुण उड्या मारत जायचं. अहो, बेडकी तर बेडकी, पण चारचौघांत?

“नाकासमोरच्या जमिनीकडे बघतेस म्हणून उडतं. धावपट्टीच्या पार टोकाकडे बघ.”

मी दचकलेच! उजव्या सीटवर एक मुलगा बसला होता. दार वाजलं नव्हतं, विमान हललंसुद्धा नव्हतं.

“तुम्हाला कोणी विचारलं?”

“कोणी विचारत नाही हेच तर दुःख आहे,” तो हसला. गालाला खळी पडली... आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला.

“तुम्हीही शिकताय?”

“एकट्याचं पहिलं उड्डाण झालं. म्हणजे, अर्धं. वर गेलो, उतरायचं राहिलं.”

“मग काय, अजून वरच आहात?”

“तसंच काहीसं,” तो म्हणाला. “माझी बादलीही राहिली.”

एकटं उडून आलेल्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओततात, ही आमच्याकडची रीत. मी खो खो हसले. हसताना सहज लक्ष गेलं – माझ्या श्वासाने काच धुरकटली होती. त्याच्या बाजूची काच लख्ख होती.

त्यानंतर हँगरमधल्या उभ्या विमानात मी एकटी असले की तो यायचा. टोमणे मारायचा, शिकवायचा, ‘बेडके’ म्हणायचा. सरांच्या तोंडी झोंबणारा तो शब्द त्याच्या तोंडी चक्क गोड लागायचा! ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंही नाही. एकदा मेकॅनिककाका डोकावले, “पोरी, एकटीच काय पुटपुटतेस?” मी वळून पाहिलं, तर सीट रिकामी.

मग एका सकाळी सरांनी मला पट्ट्याचा धडा दिला. “एकटी उडशील तेव्हा शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा आधी बांधायचा. माझा एक विद्यार्थी विसरला. उतरताना सुटा पट्टा त्या बाजूच्या कंट्रोलच्या दांड्यात अडकला, विमानाचं नाक वर येईना...” सरांनी तो पट्टा हातात घेतला. “गालाला खळी पडायची त्याच्या,” एवढंच म्हणाले.

अंगावर सर्रकन काटा आला. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त आला राग. माणूस इतका आवडून बसल्यावर कळावं का असं?

आणि तो दिवस उजाडला. सर विमानातून उतरले. “आता मी नाही, तेव्हा विमान हलकं होईल, झटकन उचलेल. घाबरू नकोस.” दार लागलं. मी उजवीकडे पाहिलं – तो होता.

“पट्टा बांध,” तो म्हणाला.

“बांधला म्हणजे तू नाहीस असंच झालं की!”

“वेडे, मी आहे म्हणून बांध.”

मी पट्टा लावून ओढला. तो अर्ध्यातच कशाला तरी अडला.

विमान झटकन उचललं नाही. दोघांना नेताना उचलायचं तसंच सावकाश उचललं. खाली घरं, झाडं लहान लहान होत गेली.

“उतरलास की तू जाणार ना?”

तो खाली धावपट्टीकडे बघत राहिला.

“मग आणखी एक चक्कर मारूया. आणखी एकच—”

“सर खाली नखं खात असतील.”

“मला आवडतोस तू. झालं, बोलले! आता काय करायचं ते कर.”

“मलाही तू आवडतेस,” तो हळूच म्हणाला. “म्हणून तुलाच मागतोय. मला खाली ने, बेडके... थकलोय गं.”

मी दांडा घट्ट धरला. माझ्या हातावर एक गारेगार हात आला. मी धावपट्टीच्या पार टोकाकडे पाहत राहिले, डोळ्यांत पाणी असताना जमेल तसं. चाकं टेकली. एकही उडी नाही.

उजवीकडे पट्टा बांधलेलाच होता. सैल, एका माणसाच्या मापाने.

खाली उतरले तर काकांनी बादली उपडी केलीच! ओलीचिंब झालेली मी म्हणाले, “काका, अजून एक द्या.”

“एकीने भागलं नाही होय?”

मी दुसरी भरलेली बादली घेतली आणि उजव्या दाराशी, रिकाम्या जागेवर फेकली. पाणी जमिनीवर पोचलंच नाही. मध्येच फुटलं आणि कुणाच्या तरी खांद्यांवरून ओघळलं. मग जमिनीवर बुटांचे ओले ठसे उमटू लागले. ते माझ्यासमोर येऊन थांबले. कपाळाला काहीतरी गार टेकलं... आणि ठसे वळून धावपट्टीच्या टोकाकडे निघाले, फिके फिके होत.

काका दोन पावलं मागे सरले. सरांनी टोपी काढून छातीशी धरली.

“उतरला एकदाचा,” ते म्हणाले.

आता माझ्याकडे लायसन्स आहे. एकटी उडताना शेजारचा पट्टा मी न चुकता बांधते. तो शेवटपर्यंत ओढला जातो, आणि विमान झटकन उचलतं. सर म्हणाले होते तसंच, अगदी हलकं. मला मात्र अजून त्याची सवय झालेली नाही.