चाळीस हजार वर्षांचा गाळ

प्रयोगशाळेत एका मिणमिणत्या तांबड्या दिव्याखेरीज उजेडाला मज्जाव होता. वाळूचा कण उन्हात गेला की सारी आठवण पुसून बसतो. अंधारात गाडला गेला की भोवतालचा किरणोत्सार चिमूटचिमूट साठवत राहतो. तो साठा मोजला की कण कधीपासून अंधारात आहे ते कळतं. या प्रकाश-कालमापनावर डॉ. प्रभंजन उकिडव्यांचा आयुष्यभर संसार चालला होता.

खैराबाद हे बहमनी काळातलं ओसाड शहर. दख्खनच्या या टापूचं आता वाळवंट झालं होतं, पण शहराखालच्या भुयारी कालव्याला, म्हणजे करेजला, अजून पाणी होतं. म्हणून सरकारने तिथे विस्थापितांची वसाहत बसवली. पहिल्याच तुकडीत उकिडव्यांची लेक मृण्मयी होती. तिला सातवा महिना होता.

"करेजमधला गाळ चाळीस हजार वर्षांचा निघतोय," उकिडवे म्हणाले.

"म्हणजे गुहेतली माणसं चुन्यात विटा बसवत होती," पुरातत्त्ववाल्या शाहीन मुकादम म्हणाल्या. "सर, तुमचं घड्याळ पिसाळलंय."

"घड्याळ ठीक आहे, बाई. आपण किरणोत्सार नेहमीइतकाच धरला. गाळ सातशे वर्षांचा असेल, तर तिथल्या गाळापाण्यात किरणोत्सार साठ पट हवा."

 शाहीनबाईंनी मग करेजच्या तोंडावरच्या फारसी शिलालेखाचा विषय काढला. 'आब रहा कर्दंद.' भाषांतर त्यांचंच: पाणी सोडलं. नगरपालिका सोडते तसं सगळ्यांनी धरलं आणि उद्घाटनाची पाटी समजून तिला हार घातला होता.

"इथल्या लोकांनी पाण्यावर पाणी सोडलं होतं, सर."

पाण्याची तपासणी झाली होती, पण जंतूंपुरती. किरणमापक राजधानीहून यायला महिना लागणार होता. उकिडव्यांनी तडक वसाहतीच्या आयुक्तांना गाठून सगळं सांगितलं. आयुक्तांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, यंत्राने नेमकं काय दाखवलं? चाळीस हजार. आणि साठ पट? तो यंत्राचा आकडा नव्हे, डॉक्टरसाहेबांचा तर्क. सरकार तर्कावर चालत नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. संध्याकाळपर्यंत खैराबाद ही जगातली सर्वांत प्राचीन पाणीयोजना जाहीर झाली.

उकिडवे लेकीकडे पोचले, तेव्हा करेजवर तीर्थासाठी रांग लागली होती. त्यांनी तिला कण, साठा, शिलालेख, सगळं दोनदा समजावलं.

"बाबा, लोक चाळीस हजार वर्षं पितायत हे पाणी," मृण्मयी हसून म्हणाली. "शोध तुमचाच ना?"

आणि तिने तांब्या तोंडाला लावला.